सोफा शाबूत, चौकट ओरबाडलेली

एका वाचक ताईंचं पत्र:

"आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी शाळा सकाळची, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. मुलगी बारावीला. जूनच्या सुरुवातीला आम्ही एक कुत्री दत्तक घेतली. हायवेला गाडीनं उडवलेली, पाय मोडलेला, मग अडीच महिने एका निवाऱ्यात होती. अंदाजे दीड वर्षाची, नसबंदी झालेली. नाव ठेवलं जाई. पहिले तीन आठवडे इतकी शहाणी, सारखी सासूबाईंच्या पलंगाखाली बसायची. जूनअखेरीला सासूबाई निफाडला दिरांकडे गेल्या. आता महिना झाला, हिनं घराचं वाटोळं केलंय. मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट असली की सात ते एक ती एकटी असते. तेव्हा दारापाशी शू, कधी शीसुद्धा. दाराची चौकट ओरबाडून लाकूड वर आलंय, गॅलरीचा पडदा खाली ओढला. सोफ्याला मात्र अजून काही केलं नाही, तेवढंच बरं. जाताना पोळी कुस्करून ठेवते, तिला तोंड लावत नाही, आम्ही आलो की मग खाते. खाली फिरवून आणलं तरी घरात आल्या आल्या हॉलमध्ये शू. मिस्टर कामावरून आले आणि जरा आवाज चढला की त्यांच्या पायाशीच. संध्याकाळी सगळे घरात असताना चपला पळवून खाते. आल्यावर आम्हाला बघून कान पाडून कोपऱ्यात बसते, म्हणजे तिला कळतंय. परवा मी तिला वर्तमानपत्राच्या सुरळीनं मारलं आणि रात्रभर मलाच रडू येत राहिलं. खालच्या मजल्यावरून तक्रार आली की ती सकाळभर रडते. सोसायटीत विषय निघालाय. मिस्टर म्हणतात, परत देऊन ये. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सासूबाई निफाडला गेल्या त्या वाक्यावर थांबले. तुम्ही ते ओघात लिहून टाकलंय, पण माझ्या मते जाईचं दुखणं तिथंच सुरू होतं.

रस्त्यावर वाढलेलं कुत्रं उपाशी असतं, भिजतं, मार खातं, पण एकटं सहसा नसतं. गल्लीतली बाकीची कुत्री असतात, चहाच्या टपरीवरची माणसं असतात, चोवीस तास कुठली ना कुठली हालचाल असते. नंतर अडीच महिने जाई निवाऱ्यात राहिली, तिथंही आजूबाजूला कुत्रीच कुत्री. तुमच्या घरी आली तेव्हा आजी दिवसभर घरात होत्या. म्हणजे बंद दार, रिकामं घर आणि आपण एकटं, हा अनुभव तिला आयुष्यात पहिल्यांदा आला तो आजी निफाडला गेल्यावर. पहिल्या तीन आठवड्यांतल्या तिच्या शहाणपणाबद्दलही सांगते. नव्या घरात आलेलं घाबरलेलं कुत्रं बरेचदा आक्रसून, गप्प बसून राहतं. रेस्क्यूचं काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशोब सांगतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराची घडी कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. तो काही नियम नाही, पण पलंगाखाली बसून राहणारी जाई शहाणी होती त्यापेक्षा घाबरलेली जास्त होती.

आता घरात कुठं काय झालंय ते बघा. चौकट दाराची, पडदा गॅलरीचा. दोन्ही घराबाहेर पडायच्या वाटा. हॉलच्या मध्यावर मऊमऊ सोफा असताना तिनं त्याला दातसुद्धा लावला नाही. कंटाळलेलं किंवा मस्तीखोर कुत्रं आधी सोफ्याचा फोम काढतं, उशा फाडतं. नखं झिजेपर्यंत चौकट ओरबाडणारं कुत्रं तुमच्या मागे यायचा प्रयत्न करत असतं. दुसरा पुरावा पोळीचा. घाबरलेल्या कुत्र्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही. तुम्ही आल्यावर ती खाते, याचा अर्थ भूक होती, पण भीती भुकेपेक्षा मोठी होती. आणि खालच्यांनी सांगितलेलं रडणं हा तिसरा.

तरी माझ्या अंदाजावर विसंबू नका. घरात जुना मोबाईल असेल तर तो दाराकडे तोंड करून टेकवा, रेकॉर्डिंग लावा आणि पाचच मिनिटं सगळे जिना उतरून खाली जाऊन या. नंतर बघा. दार लागल्यापासून मिनिटा-दोन मिनिटांत धापा, लाळ, येरझाऱ्या, हेल काढून रडणं सुरू झालं असेल तर ती एकटेपणाचीच भीती. तिनं दाराकडे एकदा बघितलं आणि जाऊन पडली असेल, तर मात्र मला पुन्हा लिहा, कारण मग गोष्ट वेगळी.

शूचं मात्र एकच कारण नाही. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या शू आहेत, आणि तुम्ही तिन्हींवर एकच उपाय करताय म्हणून एकही थांबत नाहीये.

एकटी असताना दारापाशी होते ती भीतीची. तिला शू कुठं करायची हे शिकवून ती थांबणार नाही, भीती कमी झाली की थांबेल. त्यावर पुढं सविस्तर लिहिते.

दुसरी, फिरून आल्यावर हॉलमध्ये. हिनं मला फार वाईट वाटलं. ज्या मुलीला हायवेवर गाडीनं उडवलं, तिला तुम्ही फिरवायला नेता ते फाट्याजवळच्या रस्त्यावर, ट्रक-बसच्या आवाजात. भेदरलेलं कुत्रं शूला बसत नाही, कारण बसलं की पळता येत नाही. ती सगळं धरून ठेवते आणि सुरक्षित जागी, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये आली की मोकळी होते. त्यात निवाऱ्यात अडीच महिने पायाखाली बहुधा सिमेंटची किंवा फरशीची जमीन. कुत्री कुठल्या पृष्ठभागावर शू करायची याची सवय पायाच्या तळव्यांनी लावून घेतात. तुमची हॉलची टाइल्स तिच्या पायांना निवाऱ्यातल्या फरशीसारखीच लागते.

म्हणून जागा बदला. बिल्डिंगच्या मागं, आतल्या गल्लीत, मोकळ्या प्लॉटच्या कडेला, जिथं माती आहे आणि वाहनं नाहीत अशी एकच जागा ठरवा. पहाटे लवकर आणि रात्री उशिरा, रहदारी कमी असताना न्या. पहिल्या दिवशी तिच्या शूनं भिजलेला फडक्याचा तुकडा सोबत नेऊन तिथं टाका, वास तिला काम सांगेल. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस घाला, म्हणजे घाबरून मागं ओढलं तर मान सुटणार नाही. मग नुसतं उभं राहा. बोलू नका, ओढू नका, फोन बघू नका. दहा-पंधरा मिनिटं लागू देत. शू झाली की त्याच क्षणी, तिथंच, एक-दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा तोंडात. घरी येऊन दिला तर तिला वाटेल घरी आल्याबद्दल मिळाला. आणि शू झाली की लगेच घराकडे वळू नका. आपण सगळे ही चूक करतो. कुत्रं हुशार असतं, शू केली की फिरणं संपतं हे त्याला चार दिवसांत कळतं आणि ते धरून ठेवायला शिकतं. पाच मिनिटं आणखी हुंगू द्या.

तिथंही शू झाली नाही तर घरी आणून मोकळी सोडू नका, दोरी तुमच्या हातात ठेवून जवळ बसवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली न्या. जिने चढून-उतरून पाय दुखतील, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. झोपून उठल्यावर, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, तुम्ही निघण्याआधी, आल्याबरोबर आणि रात्री झोपण्यापूर्वी, इतक्या वेळा तरी हवंच. मोठं कुत्रं सहा-आठ तास धरू शकतं, पण धरावं लागणं आणि आरामात असणं यात फरक आहे.

फरशी पुसताना फिनेल वापरत असाल तर या कामासाठी ते बंद करा. त्याचा वास आपल्या नाकाला शूवर मात करतो, कुत्र्याच्या नाही, आणि ओल्या फरशीवरचं फिनेल पंजांना लागून चाटण्यात जातं ते वेगळंच. आधी जुन्या कापडानं दाबून टिपून घ्या, पाण्यानं पुसा, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते शिंपडून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. अमोनियावालं काही वापरू नका, त्याला शूसारखाच वास येतो. दारापाशी पायपुसणं असेल तर काही आठवडे उचलून ठेवा.

तिसरी शू, मिस्टरांच्या पायाशी होणारी. ही ती करत नाही, तिच्याकडून होते. मोठा माणूस अंगावर वाकला, आवाज चढला की बुजरी कुत्री अंग चोरून, कान मागे टाकून थोडी शू सोडतात. "मी लहान आहे, मला काही करू नका" असं सांगायची ती त्यांची रीत आहे. त्यावर ओरडलं की ती वाढते. मिस्टरांना एवढंच सांगा: घरात आल्यावर पाच मिनिटं तिच्याकडे बघायचंच नाही. बूट काढायचे, पाणी प्यायचं, खाली बसायचं, तेही तिच्याकडे तोंड न करता, जरा बाजूला वळून. ती आपण होऊन येईल. आली की डोक्यावरून हात फिरवायचा नाही, हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवायचं. आणि तिचं रात्रीचं जेवण काही दिवस त्यांच्याच हातून जाऊ द्या. मिस्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाला दारातच घाण पुसावी लागली तर कुणाचाही पारा चढेल. पण घरात तिचा विश्वास सगळ्यात कमी कुणावर असेल तर त्यांच्यावर, आणि तो कमवणं पूर्णपणे त्यांच्या हातात आहे.

इथंच त्या सुरळीबद्दल. तुम्ही मारलंत, तुम्हाला वाईट वाटलं, आता ते मनाला लावून घेत बसू नका. फक्त हे समजून घ्या की त्या माराचा चौकटीशी संबंध तिला जोडता आलेला नाही. तीन तासांपूर्वी केलेल्या गोष्टीची शिक्षा कुत्र्याला कळत नाही, तिला कळलं ते एवढंच की ताई घरी येतात तेव्हा कधी कधी मारतात. मग जाण्याचीही भीती आणि येण्याचीही. कान पाडून बसते म्हणजे चूक कळते, असं आपल्याला सगळ्यांनाच वाटतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर हेच तपासलं. खाऊ खाऊ नको असं बजावून मालक खोलीबाहेर जायचे, आणि परत आल्यावर कुत्र्यानं खाल्लं की नाही हे त्यांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं जायचं. तो "अपराधी" चेहरा खाण्या-न खाण्यावर ठरत नव्हता, मालक रागावण्यावर ठरत होता. काहीही न केलेल्या कुत्र्याला रागावलं तर त्याचा चेहरा सगळ्यात अपराधी दिसायचा. जाई तुमचा चेहरा वाचते आहे, ताई.

सगळ्यात आधी मात्र डॉक्टर. घराजवळच्या पशुवैद्यांकडे लघवीची तपासणी करून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर कितीही शिकवलं तरी व्यर्थ. गोचीड तापासाठी रक्त, आणि मोडलेल्या पायाचं जुनं दुखणं तपासा. पाय दुखत असेल तर जिने उतरणं, शूला बसणं हेच तिला नकोसं होईल. ती झोपलेली असताना खाली ओलं होतं का, हेही बघा. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये कधी कधी असं होतं आणि त्यावर औषध आहे.

आता मुख्य काम. जाईला एकटं राहायला शिकवायचं आहे, आणि ते सेकंदांपासून सुरू होतं.

तुम्ही सकाळी साडी नेसता, डबा भरता, किल्ल्या उचलता, तोवर तिची धडधड सुरू झालेली असते. म्हणून सुट्टीच्या दिवशी, घरी राहायचं असताना, उगाचच किल्ल्या उचला आणि भाजी निवडायला बसा. पर्स खांद्याला लावा आणि टीव्ही बघा. मिस्टरांनी हेल्मेट घालून चहा प्यावा. दिवसातून आठ-दहा वेळा. ती मान वर करून बघायचीही बंद झाली की पुढची पायरी: दाराबाहेर जा, दार लावा, दोन सेकंदांत आत या. ती उठून दाराशी येण्याच्या आत. मग पाच सेकंद, मग पुन्हा तीन, मग दहा, मग पाच. दर वेळी वेळ वाढवतच नेली तर तिला कळतं की आता पुढचं आणखी कठीण. म्हणून वर-खाली. दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटं एवढंच करा, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. येता-जाता कवटाळणं, "जाऊन येते हं सोन्या" वगैरे नको, सहज आत, सहज बाहेर. मोबाईल चालू ठेवा. ती रडली किंवा धापा टाकायला लागली तर ती चुकली नाही, आपण घाई केली. पुढच्या वेळी निम्म्या वेळावर या.

पहिली तीस-चाळीस मिनिटं गाठायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. तिथपर्यंत पोचलं की पुढचे तास बरेचदा भराभर येतात. पण याला आठवडे लागतील, कदाचित महिने, आणि या काळात एक अट आहे जी सगळ्यांना जड जाते: तिला झेपतं त्याहून जास्त वेळ ती एकटी राहता कामा नये. रोज संध्याकाळी वीस सेकंदांचा सराव आणि सकाळी सहा तासांची दहशत असं चाललं तर सराव वाया जातो.

तुमचं वेळापत्रक मी कागदावर मांडून पाहिलं. सेकंड शिफ्टला मिस्टर सकाळी घरी असतात, नाइटला दिवसा झोपलेले असतात, आणि दुपारनंतर तुम्ही असता. खरा खड्डा फक्त फर्स्ट शिफ्टच्या आठवड्याचा आहे. तेवढ्या आठवड्यापुरतं सासूबाईंना विचाराच. मी तुमच्या जागी असते तर आज रात्रीच निफाडला फोन लावला असता. त्या येऊ शकत नसतील तर दोन महिने शिफ्ट बदलून मिळते का ते मिस्टरांनी बघावं, किंवा बिल्डिंगमधल्या एखाद्या निवृत्त काका-काकूंना विचारावं. जाईला कुणी खेळवायची गरज नाही, नुसतं माणूस घरात हवं. मुलीचा अभ्यासही तिच्यासाठी चांगली सोबत आहे.

ती एकटी असताना तिला बाथरूममध्ये, गॅलरीत किंवा पिंजऱ्यात कोंडू नका. हे मी फार जीव तोडून सांगते, कारण मी ते केलंय. माझी कुत्री भुरी नवी होती तेव्हा फरशी खराब होऊ नये म्हणून मी तिला बाथरूममध्ये ठेवून बाजारात गेले होते. परत आले तेव्हा दाराच्या खालच्या फटीपाशी रक्त होतं, दोन नखं मुळापासून उखडली होती. मी गेले होते चाळीस मिनिटं. भुरी नंतर नऊ वर्षं माझ्याजवळ राहिली, पण बाथरूमचं दार लागलेलं दिसलं की शेवटपर्यंत थरथरायची.

महिनाभर प्रामाणिकपणे करून काहीच फरक पडला नाही, किंवा रेकॉर्डिंगमध्ये ती स्वतःला इजा करताना दिसली, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला, लाजू नका. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही औषधं कुत्र्यांच्या या भीतीवर दिली जातात. ती गुंगीची नाहीत, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सरावासोबतच द्यायची असतात. माणसांच्या डब्यातली गोळी मात्र मनानं कधीही नाही, डोकेदुखीची पॅरासिटामॉलसुद्धा नाही. ढोल पथकांचा सराव सुरू झालाय आणि पुढं दिवाळी आहे. एकटेपणाला घाबरणारी कुत्री बरेचदा आवाजालाही घाबरतात, म्हणून फटाक्यांच्या रात्रींबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, वसुबारसेच्या दिवशी नको.

चपलांचं सोपं आहे. ती चोरी सगळे घरात असताना होते, म्हणजे ते दीड वर्षाच्या पोरीचं चावणं आणि खेळणं. चपला कपाटात गेल्या की निम्मं काम झालं. तिला चावायला जुना टॉवेल पीळ देऊन, ओला करून फ्रीजरमध्ये गोठवून द्या, अख्खं गाजर द्या, खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात पोळीचे तुकडे लपवा. जुनी चप्पल देऊ नका, जुनी कोणती आणि नवी कोणती हे तिला कसं कळणार? शिजवलेली हाडं नाहीत, ती तुटून आतडं फाडतात. आणि आपण नाशिककर म्हणून आवर्जून: द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्यांच्या किडन्या निकामी करू शकतात, कांदा रक्ताला घातक. जानेवारीत निफाडहून द्राक्षांची पेटी आली की ती उंचावर ठेवा, प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकाही तिला नको.

सोसायटीचं: भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण तो कागद पुढं करण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन या. सकाळभर रडणं ऐकणं त्यांनाही सोपं नाही. आम्ही काय करतोय, किती दिवस लागतील, ते सांगा, तुमचा नंबर द्या आणि रडणं ऐकू आलं तर वेळ कळवायला सांगा. तुम्हाला ती माहिती लागणारच आहे.

परत द्यायचं का? माझ्या मते आत्ता नाही. ती आजारी नसेल आणि पहिल्या शिफ्टची सोय लागली, तर तीन महिन्यांत तुम्हाला वेगळी जाई दिसायची चांगली शक्यता आहे. पण कुठलीच सोय होत नसेल आणि तिला रोज सहा तास त्या दाराशी रडावं लागणार असेल, तर दिवसभर माणूस असणारं घर निवाऱ्याच्या मदतीनं शोधणं यात तुम्ही तिला टाकलं असं होत नाही. तो निर्णय तीन महिन्यांनी, रागात नसताना, तिघांनी मिळून घ्या. रस्त्यावर मात्र सोडू नका. ओळखीचा इलाका नसलेलं, लंगडणारं, वाहनांना घाबरणारं कुत्रं तिथं टिकणार नाही.

सासूबाईंची एखादी जुनी, न धुतलेली साडी घरात आहे का बघा. जाईच्या गोधडीवर ती घाला आणि आज रात्री ती गोधडी हॉलमधून उचलून तुमच्या खोलीत, पलंगाच्या कडेला आणा.